अनिलच्या पानावर

गंगाराम वर्षातले पंधरा दिवस मेलेला असायचा. बाकीचं वर्षभर तो चांगला धडधाकट होता. आंब्याच्या हंगामात रत्नागिरीकडच्या बागांत पेट्या ठोकायचा, पावसाळ्यात आपलं भात बघायचा आणि मधल्या वेळात मिशीला पीळ देत पडवीत बसायचा. पण भाद्रपदातला पितृपक्ष लागला, की संगमेश्वराच्या वरच्या अंगाच्या तळेकोंडात त्याच्याइतकी मागणी दुसऱ्या कुणाला नसायची.

कारण म्हाळ. म्हाळाला पितर बसवायची रीत आहे. घरातलं जे माणूस गेलं, त्याच्या नावाचं केळीचं पान मांडायचं, त्या पानावर भावकीबाहेरचा एखादा जिवंत माणूस बसवायचा आणि त्याला पोटभर जेवू घालायचं. तेवढा वेळ तो माणूस म्हणजेच गेलेला बाप, आजा नाहीतर चुलता. तळेकोंडात या रीतीला आणखी काही बारकावे होते. पानावर बसल्यापासून उठेपर्यंत पितराने तोंडातून शब्द काढायचा नाही. घरच्यांनी मात्र त्याला वर्षभराचं सगळं सांगायचं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली, कोण कुणाशी बोलेनासं झालं. मग हात धुऊन पितराने मागच्या दाराने निघायचं, वळून बघायचं नाही आणि उंबऱ्यावर एकच शब्द बोलायचा, 'जातो'. एरवी आपण कुणाकडूनही निघताना 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटलं तर घरातली म्हातारी माणसं डोळे वटारतात. तो शब्द तळेकोंडात फक्त पितराचा होता.

पितराला बसणारे दुसरेही होते, पण ते जेवायला बसायचे. गंगारामचं तसं नव्हतं. पाय धुऊन पाटावर टेकलं की त्याच्या कानात पाणी गेल्यासारखं व्हायचं. घरातले आवाज लांबून यायला लागायचे. भाताच्या वाफेपलीकडे माणसं हळूहळू हलताना दिसायची आणि त्या सगळ्यांची, अगदी नाव ठाऊक नसलेल्या नव्या सुनेचीसुद्धा, त्याला माया यायची. एकदा आखाताच्या वाटेवर जहाजावरच वारलेल्या एका खलाशाच्या पानावर तो बसला होता. जेवताजेवता त्याने पानावरचं मीठ डावीकडून उजवीकडे सरकवून घेतलं आणि खलाशाची आई उठून आत गेली. तिचा मुलगा डावरा होता. गंगारामला हे कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि आपण असं का केलं तेही त्याला कळलं नाही.

एवढा मुरलेला पितर जेव्हा उठलेल्या मढ्यांची मालिका बघायला लागला, तेव्हा त्याच्या तक्रारी इतरांपेक्षा निराळ्या असणारच.

मालिकेचा नाद लावला तो अनिलने. अनिल आणि गंगाराम शाळेपासूनचे मित्र. मधली सगळी वर्षं अनिल पोफळीच्या वीजघरात नोकरीला होता. डोंगराच्या पोटातलं काम, बाहेर ऊन आहे की अंधार ते घड्याळ बघून समजायचं. म्हणून की काय, निवृत्त होऊन वाडीत परत आल्यावर त्याला दुपार फार आवडायची. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलीने, मनस्वीने, घरी मोठा टीव्ही आणून बसवला होता. जेवणं उरकलेली, वाडी पेंगत असलेली, फणसाच्या पानांतून उन्हाचे कवडसे ओटीवर हलत असलेले, अशा वेळी अनिल खुर्चीत आणि गंगाराम जमिनीवर भिंतीला टेकून टीव्हीपुढे बसायचे. अनिलची बायको हौसा त्यांच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायची.

"जेवल्यावर मढी कसली बघताव," ती म्हणायची. "शिसारी कशी येत नाय तुमाला?"

मालिका परदेशातली, पण हिंदीत बोलणारी होती. जगभरातली मेलेली माणसं उठली आहेत, दिसेल त्याला चावत सुटली आहेत आणि वाचलेली दहा-बारा माणसं फळं साठवायच्या एका भल्यामोठ्या गोदामात लोखंडी फाटक लावून राहिली आहेत, असा सगळा प्रकार. मालिका फालतू असती तर दोघांनी ती केव्हाच सोडली असती. ती चांगली होती आणि छळायची. मढी दारात आली असताना गोदामातला म्होरक्या भाषण सुरू करायचा. त्याचं नाव यांनी सभापती ठेवलं होतं. एकत्र राहिलं तर वाचू हे शेंबड्या पोराला कळलं असतं, पण दर भागात कुणाला तरी दोन गट करायची हुक्की यायची.

"झालं!" अनिल मांडीवर थाप मारायचा. "केलान पुन्ना दोन गट! अरे मेल्या, गेल्या खेपेला काय झालं इसरलास?"

ज्याला चावलेलं असायचं तो चावा बाहीखाली लपवायचा. ज्याच्याकडे चाव्या असायच्या तो आईचा फोटो आणायला परत जायचा. आणि एवढं करून गोष्ट पुढे सरकायची नाही ती नाहीच. अर्धा भाग दोघंजण पेट्यांच्या थप्पीला टेकून आपलं लहानपण सांगत बसायचे. गंगारामचं लक्ष त्या पेट्यांवर जायचं, त्यांच्या फळ्या फारच पातळ होत्या.

"मोहोर आला, फळ धरलं, पेटी भरली, गाडी मुंबईला गेलीसुद्धा," तो म्हणायचा, "आणि ह्यांचं आपलं अजून फाटकच चाललंय."

कधीकधी बघताबघता त्याचा डोळा लागायचा. मग टीव्हीतली मढी टीव्हीतून उतरून ओटीवरून खाली जायची आणि वाडीच्या पाणंदीने चालू लागायची. पण गंगारामच्या झोपेत ती नीट चालायची. गुरगुरायची नाहीत. काखेत छत्री धरून एकामागून एक, वडीलधाऱ्याला पुढे घालून, चिखल चुकवत यायची आणि प्रत्येक जण आपापल्या घराच्या पायरीशी वहाणा काढून थांबायचा. त्यांत कुणाचं धोतर, कुणाची खाकी, तो डावरा खलाशी. चेहरे बघावेत तर बरेचसे गंगारामचेच असायचे. त्याला त्याची भीती वाटायची नाही. उलट जाग यायची तेव्हा काहीतरी अर्धवट राहिल्याची हुरहुर लागायची.

"अन्या," तो डोळे चोळत म्हणायचा, "ही माणसं चुकतायत. त्यांना कुणी विचारतच नाय."

"कुणाला?"

"ह्या मेलेल्यांना. काय होवं तुला, जेवलास का, असं कुणी एका शब्दानं विचारलान काय?"

"मेल्या, ती माणसं खातात! त्यांना काय वडे वाढायचे?"

"वाढून बगितलान कुणी?" गंगाराम म्हणायचा, आणि पाठ करून बसलेल्या हौसाचे खांदे हसण्याने हलायचे.

या सगळ्यात एक नर्सबाई होती. तिचा नवरा त्या वर्षीच्या पहिल्याच भागात मेला आणि उठला. तो दर संध्याकाळी फाटकाशी यायचा. बाकीची मढी गजांवर डोकी आपटायची, हा नुसता उभा राहायचा. सभापती म्हणायचा, गोळी घालू. ती घालू द्यायची नाही. बरं, फाटकही उघडायची नाही. नुसती आत उभी राहून त्याच्याकडे बघायची. एक भाग गेला, दोन गेले, अख्खा हंगाम गेला. शेवटच्या भागात ती उठली, चालत फाटकाशी गेली, लोखंडी कडीवर हात ठेवलान, कडी जराशी वर उचललीन, आणि पडदा काळा झाला. पुढचं पुढच्या वर्षी.

अनिलने पायातली वहाण काढून फेकली. ती टीव्हीला न लागता कॅलेंडरला लागली, एवढं शहाणपण त्याला रागातही होतं.

"अख्खा सीझन! अख्खा सीझन ह्या बाईनं कडीवर हात ठेवून काढलान! उगडायचं नाय तिला, मी सांगतो. उगडणारच नाय. उगडलंन तर ही मिशी उतरवीन!"

"उगडेल," गंगाराम म्हणाला. "उगडून त्याला जेवायला वाढील. आणि नाय उगडलंन, तर माजी उतरवीन."

अनिलची मिशी वीजघरातल्या साहेबासारखी कातरलेली, गंगारामची झुपकेदार, बापाच्या मर्तिकानंतर एकदाही वस्तरा न लागलेली. दोघांनी हातावर हात मारले.

"दोगांच्या बी जाळा," हौसा तांदळातून मान वर न करता म्हणाली, "आणि च्या घ्या."

त्यानंतर आषाढात एके दुपारी अनिल जेवून खुर्चीत टेकला, तो टेकलाच. हौसाने चहाला हाक मारली तेव्हा त्याची मान नुसती एका बाजूला कलली होती. टीव्ही बंद होता. बाहेर लावणी चालू होती आणि गंगाराम गुडघाभर चिखलात उभा होता, तिथे त्याला निरोप आला.

दहाव्या दिवशी नदीवर भावकीतल्या पुरुषांनी डोकी आणि मिश्या उतरवल्या. गंगाराम दगडावर उभा राहून बघत होता. न्हावी एकेकाला पुढे घेत होता आणि गंगारामला फार वाटत होतं, की आपणही त्या रांगेत बसावं. शाळेत एका बाकावर बसलो, पुढे सगळा जन्म त्याच्या सुट्ट्यांची वाट बघण्यात गेला, आणि तो मेला तर एक केससुद्धा द्यायचा हक्क नाही. त्याने काशीला, आपल्या बायकोला, हळूच विचारलंही. काशी म्हणाली, "तुमी कोन त्यांचे? लोक हसतील." ती दुष्टपणाने बोलली नव्हती, रीतच तशी होती. गंगाराम मिशीसकट घरी आला. पुढे कित्येक दिवस ती मिशी त्याला तोंडावर कुणी परक्याने आणून चिकटवल्यासारखी वाटायची.

शिमग्याच्या सुमाराला मालिकेचा नवा हंगाम आला. मनस्वीने पुण्याहून फोन केला, "काका, घरी जाऊन बघा हो, टीव्ही आहेच." गंगाराम म्हणाला, डोळे दुखतात. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. अनिलशिवाय ती कडी उघडलेली बघायची नाही, एवढं त्याने ठरवून टाकलं होतं. ती बाई तिथेच कडीवर हात ठेवून उभी असली, की अनिलही खुर्चीतच आहे, वहाण शोधतो आहे. ज्या संथपणावर इतकी वर्षं चिडला, तोच आता त्याला बरा वाटायला लागला. दुपारी अनिलच्या घरावरून जाताना आतून कधीकधी ती ओळखीची गुरगुर ऐकू यायची. हौसाला घर खायला उठत असेल, म्हणून लावून ठेवत असेल बिचारी, असं मनाशी म्हणून तो पावलं उचलायचा.

वर्षश्राद्ध झालं आणि भाद्रपद आला. अनिलचा हा पहिला म्हाळ. हौसा सुपारी घेऊन स्वतः गंगारामच्या पडवीत आली.

"भावोजी, परवा आमच्याकडं बसायचं. ह्यांच्या पानावर."

गंगारामला ही वेळ येणार हे ठाऊक होतं आणि त्यानं उत्तरही तयार ठेवलं होतं. "वैनी, यंदा मी कुणाकडंच बसत नाय. गुडगा दुखतो. मांडी घालवत नाय."

हौसा त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिली. तो मांडी घालूनच बसला होता. तिने सुपारी परत कनवटीला लावली आणि उठताना एवढंच म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे त्यांना उपाशी."

ती गेल्यावर काशीने सूप आपटलं. "गावच्या बापांच्या नावानं वडे खाल्लात ते! आणि आपला मानूस दारात येऊन उबा ऱ्हाईल तर त्याला पान नाय?"

तिला सांगावं कसं, हे गंगारामला कळेना. वडे खायला त्याची ना नव्हती. अडचण शेवटच्या शब्दाची होती. इतक्यांच्या वतीने 'जातो' म्हणताना त्याची जीभ कधी अडखळली नव्हती, पण अनिलच्या उंबऱ्यावर, अनिलचा होऊन 'जातो' म्हटलं, की अनिल जाणार. आणि तोही आपल्याच तोंडाने. दुसऱ्या दिवशी दुपारी झोपेत पुन्हा ती छत्रीवाली माणसं पाणंदीने आली. सगळी आपापल्या घरी वळली आणि एकटा अनिल त्याच्या घराच्या पायरीशी वहाण हातात घेऊन उभा राहिला. आत जाईना की मागे फिरेना. कोण काय बोलतंय याची वाट बघत तो नुसता उभा होता. गंगाराम उठला, तोंड धुतलं आणि हौसाकडे जाऊन सुपारी मागून आणली.

म्हाळाच्या दिवशी पाऊस उघडला होता. वाडीवरच्या कातळी सड्यावर तेरडा फुललेला, भात पोटरीला आलेलं, आणि ऊन असं पिवळं की वाडी कुणी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळत घातली असावी. गंगारामने अनिलच्या ओटीवर पाय धुतले. पुण्याहून आलेल्या मनस्वीने पाट मांडला. ती रिकामी खुर्ची भिंतीशी होती. पानावर भोपळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, तांदळाची खीर, वडे. गंगाराम बसला आणि कानात ते नेहमीचं पाणी भरलं.

हौसा समोर बसून सांगायला लागली. मनस्वीला बढती मिळाली. न्हाणीचं छप्पर बदललं. फणसाला यंदा फळं बरी होती, पण माकडांनी निम्मी नासवली. गंगाराम मान हलवत जेवत होता. मग हौसाने पदराने कपाळ टिपलं.

"आणि ती तुमची मढ्यांची शिरेल. ती मी बगितली. शेवटापत्तुर बगितली. तुमी अर्ध्यावर सोडून गेलात, म्हटलं म्हाळाला इचारतील तर सांगायला नको?"

गंगारामच्या हातातला वडा पानावर पडला. म्हणजे ती गुरगुर! घर खायला उठतं म्हणून नव्हे, तर शिसारी येत असताना, एकटीने, नवऱ्याला सांगता यावं म्हणून ही बाई सगळी मढी बघत बसली होती.

"तर सुरवातीला काय झालं," हौसा म्हणाली, आणि खरंच सुरवातीपासून लागली. ती टोपीवाली पोरगी आठवते ना, तिचे केस कापलेनी. बरे नाय दिसत. सभापतीनं दाढी वाढवलीन. त्यांच्याकडे डबे होते, त्यात मटार असावेत, की राजमा, मनस्वी म्हणते राजमा. मग एकदा पाऊस पडला. मग हौसाला आठवलं की पाऊस नंतर पडला, आधी टोपीवालीला ताप आला. ती पुन्हा मागे गेली आणि ताप सांगितलान.

गंगाराम पानावर बसलेला पितर होता. त्याला बोलता येत नव्हतं. त्याने पाण्याचा पेला उचलला आणि जरा जोरात ठेवला. फाटकाचं काय, फाटकाचं?

"सांगते ना," हौसा म्हणाली. "तर ती नर्सबाई. कडीवर हात ठेवलेली. आटवते?"

आठवते का! गंगाराम पाटावरच पुढे सरकला.

"तर तिनं," हौसा म्हणाली, आणि आतून करपल्याचा वास आला. "अगो बाय, वडे!" ती उठून चुलीकडे पळाली.

असा पितर तळेकोंडात पूर्वी कधी कुणी पाहिला नसेल. त्याचे डोळे स्वयंपाकघराच्या दारावर खिळले होते, मिशी थरथरत होती, आणि मनस्वी तोंडात पदर कोंबून हसू दाबत होती. ज्या मालिकेवर दोघांनी इतकी वर्षं शिव्यांचा वर्षाव केला, ती हौसाच्या सांगण्यापुढे पाण्याच्या लोंढ्यासारखी धावत होती, असं आता त्याला वाटलं. आणि एकदम त्याच्या लक्षात आलं, की डाव्या पायाचा अंगठा वहाण शोधत पाटावर घासतो आहे. ती खोड त्याची नव्हती.

हौसा परतली. पानात ताजा वडा घातला. यावेळी बसली ती जरा जवळ बसली आणि तिचा आवाज खाली आला.

"उगडलंन तिनं. फाटक उगडलंन. सगळे बंदुका धरून ओरडतायत आणि तिनं सताड उगडलंन. तो उबाच. आत आला नाय. चावला नाय. नुसता बगत ऱ्हायला. मंग ती त्याला म्हणाली, जा. आणि तो वळला आणि रस्त्यानं गेला चालत." ती थांबली. "एवडे दिवस तो चावायला येत नव्हता हो. त्याला कुणी जा म्हटलेलं नव्हतं. आणि तुमी दोगं तिला येडी म्हणत व्हतात. ती येडी नव्हती. फाटकाला नाय घाबरत व्हती ती. तो शब्द बोलायला घाबरत व्हती."

बाहेर माकडांनी फणसावर उडी मारली, पानं सळसळली. गंगारामला समोरचं पान नीट दिसेना. त्याने खिरीची वाटी तोंडाला लावली आणि शेवटपर्यंत प्यायली.

"तर पैज तुमी हारलात," हौसा म्हणाली. रडतारडता तिला हसू आलं. "तुमची मिशी गेली हो."

हात धुऊन झाल्यावर ती मागच्या दाराशी गेली. जुनं सागवानी दार, त्याला आडवी लोखंडी कडी. हौसाने कडीवर हात ठेवला आणि क्षणभर तशीच उभी राहिली. गंगाराम तिच्यामागे दोन पावलांवर. तिने कडी काढली. पलीकडे परसात ऊन पडलेलं होतं.

"पोट भरलं?" तिने विचारलं. पितराला विचारायचा तो प्रश्न.

त्याने मान हलवली. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तोंड उघडलं, पण शब्द येईना. हौसाने ते पाहिलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याच्याकडे, पण त्याच्याकडे नव्हे, बघत म्हणाली, "जावा आता तुमी. माजं बरं चाललंय."

"जातो," गंगाराम म्हणाला.

तो परसातून वरच्या वाटेने सड्याकडे निघाला. रीतीप्रमाणे वळून पाहिलं नाही. तेरड्यातून वाट जात होती, फुलपाखरं उठत होती आणि बसत होती. त्याचा डावा पाय जरा फरफटत चालत होता, अनिल चालायचा तसा. शेजारी कुणीतरी आहे, काही न बोलता बरोबरीने चालतंय, असं त्याला बऱ्याच लांबपर्यंत वाटत राहिलं. पाणंद फुटते तिथे, कातळावर, त्याला आपलीच पावलं तेवढी ऐकू आली. दोन्ही सारखी पडत होती. तो तिथे खाली बसला आणि पोटभर रडला, मग घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो संगमेश्वर नाक्यावर न्हाव्याच्या दुकानात गेला. पितृपक्षात कुणी केस कापायला येत नाही, दुकान रिकामं होतं आणि न्हावी पंख्याखाली पेपर वाचत होता. गंगाराम खुर्चीत बसला.

"मिशी उतरव."

न्हाव्याने पेपर खाली ठेवला. अशा दिवसांत, या वयाचा माणूस, आणि मिशी. त्याने हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"अनिल. तळेकोंडातला, पोफळीला होता तो."

न्हावी घोटाळला. "पण तो... तो तर गेल्या वर्षीच..."

"हो," गंगाराम म्हणाला. "काल गेला."

न्हाव्याने वाटीत पाणी घेतलं, गंगारामच्या गळ्याभोवती पांढरं फडकं बांधलं आणि वस्तऱ्याला नवं पातं लावलं.